'राऊ' वाचा, पण प्रश्न विचारीत वाचा

आपल्या नांदेड-लातूरकडे वाचनालयातून ऐतिहासिक कादंबरी घरी आली की ती एका हातात राहत नाही. मुलीचे वाचून झाले की आई घेते, रात्रपाळीहून आलेला भाऊ चाळतो. ना. सं. इनामदारांची 'राऊ' (१९७२) त्यातलीच. २०१५ साली तिच्यावर हिंदी चित्रपट आला आणि बाजीराव-मस्तानी घरोघर पोचले.

ती जरूर वाचावी, असे आम्ही म्हणतो. पण नुसते शालू, दागिने आणि तलवारी पाहत वाचू नये.

याच बाजीरावाने १७२८ साली आपल्या मराठवाड्यात, वैजापूरजवळच्या पालखेडला निजामाला कोंडीत पकडले. एवढा पराक्रमी माणूस, पण घरात हरला. छत्रसालाची मुलगी मस्तानी पेशव्यांच्या घराने सून म्हणून मानली नाही. १७४० साली रघुनाथरावांची मुंज आणि सदाशिवरावांचे लग्न निघाले, तेव्हा बाजीराव हजर राहिले तर विधी करणार नाही, असा धाक भटजींनी घातला. भावाने व मुलाने मस्तानीला कैदेत ठेवले. त्याच वर्षी ती आणि बाजीराव दोघेही गेले. लहानगा समशेर पोरका झाला.

ज्यांच्या लग्नाचे हे निमित्त, त्या सदाशिवरावांनीच १७६० साली उदगीरच्या लढाईत निजामाला हरवले. पुढच्या वर्षी पानिपतात समशेर त्यांच्याच झेंड्याखाली लढून प्राणास मुकला. मरायला चालला, पंक्तीला चालला नाही!

बंधू-भगिनींनो, गादी बाजीरावाकडे होती, पण हुकूम जातीचा चालत होता. त्याच पेशवाईत आपल्या पूर्वजांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू होता, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरसाठी लिहिलेल्या भाषणात सांगितले आहे. वाड्याच्या गोष्टीत ती माणसे कुठे आहेत, हे मुलांना शोधायला सांगा.

आज पेशव्यालाही न मिळालेला हक्क हमालाच्या मुलीला आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने जात-धर्म न पाहता नोंदणी लग्न करता येते. १९५५ च्या कायद्याने एक बायको असताना दुसरी करता येत नाही. काशीबाईंचे दुःख आता कुणी मुकाट सोसायचे कारण नाही.

मात्र कायदा कपाटात ठेवून भागत नाही. उद्या आपल्याच लेकीने दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या पोटजातीच्या मुलाचे नाव घेतले, तर आपण काय करणार? मस्तानीसाठी डोळे पुसणाऱ्या घराने तेव्हा दाराला कडी लावू नये, एवढेच आमचे सांगणे.