कपाटातली जुनी लेन्स

मुलांनो, सेवाग्राम आश्रमात कनू गांधी बापूंचे फोटो काढत. कॅमेरा होता रोलायफ्लेक्स. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या १०० रुपयांतून घेतलेला, कारण आश्रमाचा पैसा मिळणार नव्हता. शिवाय बापूंच्या अटी कडक: फ्लॅश मारायचा नाही, 'इकडे बघा' म्हणायचं नाही! मग कुटीतल्या अंधुक उजेडात सगळी भिस्त लेन्सवरच.

रोलायफ्लेक्सची लेन्स सुटी होत नाही. पण घरी रोलवाला जुना एसएलआर असेल, तर त्याची निघते. ती भंगारात घालू नका बरं! निकॉनची जुनी लेन्स जिथं बसते, तिथून फिल्म ४६.५ मि.मी. लांब असते. सोनीच्या मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यात आरसाच नाही, म्हणून हे अंतर फक्त १८. उरलेले २८.५ मि.मी. एक पोकळ कडं भरून काढतं. साध्या कड्यात ना काच, ना विजेची जोडणी. तेव्हा फोकस हातानंच जुळवायचा. खरी गंमत तीच!

आधी मात्र काच तपासा. पावसाळी दमटपणात आत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. लेन्समधून सूर्याकडे कधीही बघू नका. त्यापेक्षा अंधाऱ्या खोलीत, खिडकीसमोर ती पांढऱ्या कागदापुढं धरा आणि पुढं-मागं करा. अंगणातलं झाड कागदावर उलटं उतरेल, तेही रंगीत!