पाय जमिनीला टेकतात का?

वाचकहो, आज घरच्या घरी एक छोटी तपासणी करून पाहावी. आजी वा आजोबा दिवसाचा बराच वेळ ज्या खुर्चीत बसतात, तीत त्यांना पाठ टेकून, नीट मागे सरकून बसू द्यावे आणि मग त्यांच्या पावलांकडे पाहावे. टाचा जमिनीला टेकल्या आहेत की केवळ चवडे? की दोन्ही पावले अधांतरीच आहेत? त्यानंतर खुर्चीच्या पुढच्या कडेपाशी, मांडीखाली, आपली दोन बोटे घालून पाहावीत. बोटे सहज शिरत नसतील तर ती कडा मांडीला दाबते आहे असे समजावे. हा लेख अशा घरांसाठी आहे. ज्यांचे पाय व्यवस्थित टेकतात, त्यांनी फूटरेस्ट नावाच्या वस्तूवर एक रुपयाही खर्च करण्याचे कारण नाही.

आपल्याकडच्या ज्येष्ठांच्या आयुष्यात खुर्ची उशिरा आली. नेरे आणि पलीकडच्या मालडुंगे, धोदाणी भागातून माझ्याकडे येणाऱ्या वृद्धांचा बहुतेक जन्म जमिनीवर बसण्यात गेला. जेवण पाटावर, भाजी विळीवर आणि गप्पा ओटीवर. पुढे गुडघे झिजले, ‘खाली बसू नका’ असे डॉक्टरांनी सांगितले आणि घरात प्लास्टिकची खुर्ची आली. सल्ला योग्यच होता. पण ती खुर्ची कोणाच्या मापाची, हे कोणी पाहिले नाही. बाजारातील सर्वसाधारण खुर्चीची बैठक जमिनीपासून १७-१८ इंच उंच असते. पाच फूट उंचीच्या स्त्रीचे गुडघ्यामागच्या खळग्यापासून तळव्यापर्यंतचे अंतर जेमतेम १५ इंचांच्या आसपास भरते. त्यात खुर्ची टोचते म्हणून आपण वर गादी घालतो, म्हणजे बैठक आणखी एक-दोन इंच चढते. पाय लोंबकळणारच.

लोंबकळणाऱ्या पायांत काय घडते, ते समजून घेऊ. हृदयाकडून पायांकडे रक्त दाबाने येते. परत वर जाताना मात्र त्याला पोटरीच्या स्नायूंचे साहाय्य लागते. चालताना पोटरी आवळते, शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. शिरांमधील झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. पाय स्थिर लोंबत राहिले की ही यंत्रणा थांबते. शिवाय मांडीच्या खालच्या अंगाला खुर्चीची कडा दाबत असेल तर परतीची वाटही अरुंद होते. संध्याकाळपर्यंत घोट्यांवर सूज येते, बोटाने दाबल्यास खळगा पडतो आणि घरातील मंडळी ‘पायांत पाणी झाले’ म्हणून घाबरून जातात.

खुर्चीच्या कडेचा हा दोष वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्बवर्षाव होत असताना लोक निवाऱ्यांमध्ये कापडी आरामखुर्च्यांवर रात्र रात्र बसून काढीत. त्यांपैकी काही जणांच्या पायांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या, त्या फुफ्फुसांत जाऊन अडकल्या आणि मृत्यू ओढवले. कीथ सिम्प्सन या विकृतिशास्त्रज्ञांनी १९४० साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्याकडे लक्ष वेधले. खुर्चीचा पुढचा लाकडी दांडा मांडीखाली रुतत असे, हे त्यांनी दाखविलेल्या कारणांपैकी एक. आपल्या घरात टीव्हीसमोर तासभर बसणाऱ्या आजींवर असा प्रसंग येईल असे मला मुळीच सुचवायचे नाही. कडेचा दाब ही दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नव्हे, इतकेच ध्यानात घ्यावे.

यावर कोणी म्हणेल, मग खुर्चीचे पाय कापून ती बुटकी करावी. सुतार ते काम अर्ध्या तासात करून देईल. पण तसे करू नये. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बुटक्या खुर्चीतून उठणे हेच सर्वांत कठीण. उंच बैठक उठण्यासाठी हवी आणि पावलांना आधार बसण्यासाठी हवा. या दोन परस्परविरोधी गरजा एकत्र भागविणे एवढेच फूटरेस्टचे काम आहे. संगणकावर काम करणाऱ्या घरातील तरुणांचीही अडचण हीच. टेबल उंच, म्हणून खुर्ची वर घ्यायची आणि मग पाय अधांतरी.

आता माप. ज्येष्ठांना त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत, नेहमीच्या गादीसह बसवावे. बैठकीच्या पुढच्या कडेची जमिनीपासूनची उंची मोजावी. मग गुडघ्यामागच्या खळग्यापासून तळव्यापर्यंतचे अंतर घ्यावे. घरात चप्पल घालत असतील तर चपलेसह. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला की फूटरेस्टची उंची मिळते. बैठक १८ इंच आणि पाय १५ इंच असेल, तर ३ इंच. बहुतेक घरांत हे उत्तर दोन ते चार इंचांच्या दरम्यान येते. म्हणूनच दुकानात स्वस्त मिळते म्हणून शौचालयात पायांखाली घ्यायचे सात इंची प्लास्टिक स्टूल आणू नये, आणि घरातला चौरंगही पुढे ओढू नये. पाय गरजेपेक्षा उंच ठेवले की गुडघे पोटाकडे येतात, सगळा भार बसण्याच्या हाडांवर पडतो आणि कंबर मागे वाकते. पाय सुखावले आणि पाठ दुखू लागली, असे होते.

माप कळल्यावर लगेच खरेदीस निघू नये. रद्दीच्या वर्तमानपत्रांचा तेवढ्या उंचीचा गठ्ठा सुतळीने घट्ट बांधावा, त्यावर जुने सुती कापड शिवून घ्यावे आणि आठ-दहा दिवस वापरून पाहावा. माझ्या मते गरीब-श्रीमंत सर्वांनी सुरुवात इथूनच करावी. गेल्या पावसाळ्यात ७२ वर्षांच्या एका आजींना त्यांची सून घेऊन आली होती. उंची ४ फूट ८ इंच, दोन्ही पायांवर सूज. लघवी, मूत्रपिंड, थायरॉइड, हृदय, सारे तपासून झाले. त्यांत काही आढळले नाही. खुर्ची मोजून यायला सांगितले, तेव्हा गादीसह १८ इंच भरली आणि आजींचा पाय १४ इंच. रद्दीचा चार इंची गठ्ठा आणि दर अर्ध्या तासाला अंगणापर्यंत एक फेरी, एवढ्यावर तीन आठवड्यांत सूज बरीच उतरली. पूर्ण गेली नाही. जुन्या शिरांचा तेवढा दोष राहणारच.

गठ्ठा मानवला तर मग सुताराकडून पाट करून घ्यावा. रुंदी १८ इंच, खोली १४ इंच, म्हणजे दोन्ही पावले मोकळेपणाने मावतात आणि थोडी हलवताही येतात. पुढची बाजू, म्हणजे बोटांकडची, टाचेकडच्या बाजूपेक्षा दीड-दोन इंच उंच ठेवावी. एवढा उतार घोट्याला पुरतो. मोजलेली उंची टाचेच्या बाजूला धरावी. कडा गोल घासून घ्याव्यात, वर गुळगुळीत सनमायका लावू नये आणि खाली चारही कोपऱ्यांना रबर हवेच. उरल्यासुरल्या प्लायवूडमध्ये हे काम थोडक्यात होते. तयार फूटरेस्ट हजार-दीड हजार रुपयांपर्यंत मिळतात. उंची कमी-जास्त करण्याची सोय असेल आणि घरात दोन-तीन माणसे ते वापरणार असतील तरच त्यांचा विचार करावा. फेसाच्या उशीसारखे मऊ फूटरेस्ट दिसायला छान, पण काही महिन्यांत दबून निम्मे होते आणि मापाचे गणित चुकते.

डोलणारे फूटरेस्टही मिळते, आणि त्याविषयी माझे मत अनुकूल आहे. पायाने चालवायचे शिलाई मशीन आठवावे. तासन् तास बसूनही त्या बायांच्या पोटऱ्यांना काम असे, कारण पट्टीवर टाच-चवडा, टाच-चवडा चालूच असे. मोटार बसली आणि पाय थांबले. कोकणातल्या पडवीतला झोपाळाही हेच काम करतो; प्रत्येक झोक्याला चवड्याने जमीन रेटावी लागते. डोलणारी पट्टी ही त्याचीच धाकटी बहीण. मात्र ज्यांचा तोल जातो, ज्यांना कंपवात आहे किंवा ज्यांचा एक पाय पक्षाघाताने दुबळा आहे, त्यांना स्थिर पाटच द्यावा. पाट कोणताही असो, अर्ध्या तासाने उठणे चुकवू नये. मालिकेतल्या जाहिराती किंवा पोथीचा अध्याय संपणे ही त्याची सोयीची खूण. उठणे शक्यच नसेल तर बसल्या जागी टाचा आणि चवडे आळीपाळीने वीस वेळा उचलावेत.

मधुमेही वाचकांसाठी थोडे सविस्तर सांगतो. आमच्या नेऱ्यातच कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. कुष्ठरोगात मज्जातंतू बधिर झाल्यावर पावलाला टोचलेले, भाजलेले कळत नाही आणि जखमा त्यातून होतात. मांस आपोआप झडत नाही. वेल्लोरला काम केलेले शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी हे ठासून मांडले, आणि अशा पावलांसाठी मऊ रबराच्या चपला प्रचारात आल्या. जुन्या मधुमेहातील बधिर पावलांची गोष्ट याहून वेगळी नाही. तेव्हा अशा रुग्णांना गाठी असलेले, लाकडी रोलरचे ‘मसाज’ फूटरेस्ट देऊ नये. विजेवर तापणारे तर मुळीच नको. साध्या पाटावरही चप्पल घालूनच पाय ठेवावेत आणि रात्री तळवे उजेडात पाहावेत.

या वस्तूचा सर्वांत मोठा धोका तिच्यात अडखळून पडण्याचा. मांडीचे हाड मोडले तर सुजेची आठवणही राहणार नाही. आपल्याकडे पावसाळ्यात लादी दिवसभर ओलसर असते आणि पाट सरकतो. म्हणून तो रंगाने लादीहून वेगळा दिसेल असा असावा; कडेला पिवळी चिकटपट्टी लावली तरी चालते. उठण्यापूर्वी पाट पायाने खुर्चीखाली किंवा बाजूला सरकवायचा, पावले जमिनीवर टेकवायची, मग उठायचे. पाटावर उभे राहून उठायचे नाही. विसरभोळेपणा वाढलेल्या व्यक्तीला ही सवय लागणार नसेल तर पाट काळजी घेणाऱ्यानेच ठेवावा आणि काढावा. चाकाच्या खुर्चीच्या पायपट्ट्यांनाही हाच नियम लागू आहे.

पाय टेकून पंधरा दिवस झाले तरी सूज तशीच असेल, सकाळी उठतानाही दिसत असेल, किंवा सोबत धाप लागत असेल, तर दोष खुर्चीत शोधत बसू नये. रक्तदाबासाठी घेतल्या जाणाऱ्या अम्लोडिपीनमुळेही घोटे सुजतात; ती गोळी मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारावे. वर्षानुवर्षे तंबाखू वा विडी घेणाऱ्यांना पाय उंच ठेवल्यावर पोटरी-पाऊल दुखत असेल आणि खाली सोडल्यावर बरे वाटत असेल, तर रोहिणीतला रक्तपुरवठा तपासून घ्यावा. आणि एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली, गरम वाटली, तर तेल लावून चोळू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. त्यासोबत छातीत दुखले किंवा श्वास लागला तर रात्र आहे म्हणून सकाळची वाट पाहू नये.

सूज कमी होते की नाही हे नजरेने ठरवू नये. घोट्याच्या हाडाच्या वर चार बोटांवर शिंप्याची टेप लावून रोज संध्याकाळी एकाच वेळी घेर मोजावा, दोन्ही पायांचा, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकोनात लिहावा. डॉक्टरांकडे येताना ते पान घेऊन यावे, आणि खुर्चीची उंचीही मागे लिहून आणावी.