रकाना



गेल्या महिन्यात नात्यातल्या एका साखरपुड्याला गेले होते. जेवणे उरकली, विडे झाले आणि गप्पा सुरू झाल्या. विषय निघाला जनगणनेचा. पुढच्या जनगणनेत प्रत्येकाची जात नोंदवायची, असे केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केले, हे आपण वाचलेच असेल. १९३१ नंतर सर्व जातींचे आकडे जनगणनेतून आलेले नाहीत.

आमचा एक भाचा तावातावाने म्हणाला, "मावशी, हा जातीचा रकानाच काढून टाकायला हवा. कागदावरून जात गेली की डोक्यातून आपोआप जाईल. आपण कुठे जात मानतो?" सगळ्यांनी माना डोलावल्या.

पुढे पाच-दहा मिनिटांत गाडी दुसऱ्या एका लग्नाकडे वळली. मुलगी पुण्याची, शिकलेली, नोकरी करणारी. याच भाच्याने विचारले, "आडनाव काय?" आडनावावरून काही उमगेना, तेव्हा आवाज थोडा खाली आणून म्हणाला, "आपल्यातलीच ना?"

शुभकार्यात वाद नको म्हणून मी गप्प बसले. पण घरी आल्यावर चैन पडेना, म्हणून इथे लिहिते आहे. (भाचेबुवा, तू हे वाचणार हे माहीत आहे. रागावू नकोस.)

मी ३५ वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवले. त्यातली कित्येक वर्षे जून महिन्यात प्रवेशाच्या टेबलाशी बसले. शाळेचे जनरल रजिस्टर ज्यांनी पाहिले असेल त्यांना त्यातले रकाने आठवतील. विद्यार्थ्याचे नाव, आईचे नाव, धर्म व जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा. मी विचारायची आणि पालक सांगायचे. जातीच्या रकान्याशी आले की मात्र फरक कळायचा. काही पालक जन्मतारीख सांगावी तितक्या सहज, खणखणीत आवाजात जात सांगत. काही मात्र आधी मागे रांगेत कोण उभे आहे ते बघत, टेबलावर वाकत आणि माझ्या कानाशी येऊन सांगत. रकाना दोघांना एकच होता. रांगेतल्या लोकांनी ऐकले तर काय होईल, याची भीती मात्र एकालाच होती. ती भीती काही रजिस्टरने निर्माण केली नव्हती.

'रकाना काढा' म्हणणाऱ्यांना त्या रकान्याचा उपयोग ठाऊक नसतो, कारण त्यांना तो कधी लागलेला नसतो. आपल्याकडे जातीच्या दाखल्यासाठी जुना पुरावा द्यावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. हा पुरावा बहुतेक वेळा शाळेच्या रजिस्टरातच सापडतो. बारावी झालेली मुले आजोबांची नोंद शोधायला शाळेत येत. आम्ही कपाटातून जीर्ण रजिस्टरे काढून देत असू. कितीदा तरी नोंद सापडत नसे, कारण आजोबा शाळेत गेलेच नव्हते. ज्यांच्या वाडवडिलांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांच्याच नातवाकडे आपण आजोबांचा शाळेचा दाखला मागतो. याचा विचार मीसुद्धा नोकरीत असताना फारसा केला नाही.

साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी 'भिवा' या नावाच्या मुलाची नोंद झाली. तेच आपले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. २०१७ पासून राज्यात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. रजिस्टरात नाव चढले तरी वर्गात त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, आणि शिपायाने वरून पाणी ओतले तरच तहान भागे.

हे फार जुने झाले, असे कोणी म्हणेल. तर आता माझ्याच घरचे सांगते. लिहिताना संकोच वाटतो, पण लिहायला हवे.

आमच्याकडे धुण्याभांड्याला एक बाई येत. त्यांचा कप वेगळा होता. कान तुटलेला, मागच्या दारच्या खिडकीत पालथा ठेवलेला. तो सासूबाईंनी ठेवला होता आणि 'जुन्या वळणाच्या आहेत, त्यांना कशाला दुखवा' असे मी स्वतःला समजावत असे. सासूबाई १९९१ साली गेल्या. स्वयंपाकघर माझे झाले. कप मात्र पुढे चार वर्षे तिथेच होता. रोज सकाळी शाळेत मुलांकडून प्रतिज्ञा म्हणवून घेणारी मी, घरी येऊन त्याच कपात चहा ओतत होते.

त्या बाईंची मुलगी माझी विद्यार्थिनी. १९९५ साली नोकरी लागल्याचे पेढे घेऊन आली. मी तिला चांगल्या कपबशीत चहा दिला. तिने तो प्यायला, खिडकीकडे एकदा पाहिले आणि अगदी शांतपणे म्हणाली, "बाई, आईलाही याच कपात देत जा ना." त्या संध्याकाळी मी तो कप फेकला. सासूबाईंच्या नावावर ठेवलेला कप खरे तर माझाच होता.

संविधानाच्या १७व्या कलमाने १९५० साली अस्पृश्यता रद्द झाली. १९५५ साली तिच्याविरुद्ध कायदा आला. तरी २०११-१२ मध्ये झालेल्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात सुमारे २७ टक्के कुटुंबांनी आपण कुठल्या ना कुठल्या स्वरूपात अस्पृश्यता पाळतो असे सांगितले. हे कबूल करणारे झाले. माझ्यासारखे खिडकीत कप ठेवून 'आम्ही नाही पाळत' म्हणणारे निराळेच. त्याच सर्वेक्षणात आंतरजातीय विवाह होते जेमतेम ५ टक्के. ही ५ टक्क्यांची रेघ कुठल्या सरकारी फॉर्मने आखलेली नाही. ती साखरपुड्याच्या गप्पांत आखली जाते.

गरिबी सगळ्या जातींत आहे, हे मला मान्य आहे. आमच्या ब्राह्मण नात्यातही हलाखी पाहिली आहे. त्यासाठी २०१९ साली १०३वी घटनादुरुस्ती होऊन १० टक्के आरक्षणाची तरतूद झालीच. पण आमच्या गरिबांना पाण्याच्या माठापासून कोणी दूर उभे केले नव्हते. भाडेकरू म्हणून जागा बघायला गेल्यावर आडनाव सांगताना त्यांची जीभ अडखळली नाही. गरिबी आणि अपमान यांचे हिशेब वेगवेगळे आहेत.

म्हणून माझे मत असे, की कागदावरचा रकाना इतक्यात काढू नये. कोणावर काय अन्याय झाला आणि अजून काय देणे बाकी आहे, याची नोंद राहण्याची तेवढी एकच जागा आहे. देणे फिटण्याआधी वही फाडा असे म्हणणारा बहुधा देणेकरीच असतो.

पुसायचाच असेल तर आपल्या बोलण्यातला रकाना आधी पुसू. निदान आपल्या नात्यात तरी पुढच्या वेळी कोणाचे लग्न ठरले की मुलगा किंवा मुलगी स्वभावाने कशी आहे, एवढेच विचारू या. सुरुवात मीच करते. माझ्या नातीने उद्या कोणालाही घरी आणले, तर मी आडनाव विचारणार नाही. हे इथे सगळ्यांसमोर लिहून ठेवते आहे, म्हणजे वेळ आल्यावर मला मागे फिरता येणार नाही.

असो. पटले नाही तर जरूर कळवा.