डुगाँगचे कुरण आणि किनाऱ्यावर थांबलेली रेघ

तंजावर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर दुसऱ्या सरफोजीराजांनी बांधविलेला मनोरा अजून उभा आहे. त्याच्यासमोर पाल्कच्या उपसागरात, उथळ पाण्याखाली, समुद्री गवताची कुरणे पसरली आहेत. हे गवत म्हणजे शेवाळ नव्हे. मुळे, पाने आणि फुले असलेली ती सपुष्प वनस्पती आहे. डुगाँग, म्हणजे समुद्री गाय, मुख्यतः याच गवतावर जगते. सप्टेंबर २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारने तंजावर व पुदुकोट्टै जिल्ह्यांलगतचा ४४८ चौरस किलोमीटर समुद्र देशातील पहिले डुगाँग संवर्धन क्षेत्र म्हणून घोषित केला. निर्णय स्वागतार्ह होता; परंतु संरक्षणाची रेघ किनाऱ्याशी येऊन थांबली.

गवताला सूर्यप्रकाश लागतो. पाणी गढूळ झाले की ते खुरटते. खतांतील नत्र आणि कोळंबीच्या तळ्यांतील सांडपाणी समुद्रात उतरले की पानांवर शैवालाचा थर चढतो. हे सारे जमिनीवरून येते.

जमिनीसाठीही कायदा आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाला संरक्षित कृषिक्षेत्र ठरविणारा २०२० चा कायदा धातू वितळविण्याचे कारखाने, चर्मोद्योग आणि तेल-वायूसाठीचे नवे खोदकाम रोखतो. भातशेतीला त्याचा आधार आहेच. मात्र त्याच्या निषिद्ध यादीत कोळंबीची तळी नाहीत. याच त्रिभुज प्रदेशात आयुष्य वेचलेले सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन यांच्या याचिकेवर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पारंपरिक पद्धती वगळता, किनारी नियमन क्षेत्रात अशा तळ्यांना मनाई केली होती. २००५ च्या केंद्रीय कायद्याने ती निष्प्रभ केली.

कोळंबीने परकीय चलन मिळते, हे खरे. पण प्रश्न तळी असावीत की नसावीत हा नाही. ती कोठे असावीत आणि त्यांचे पाणी कोठे सोडावे, हा आहे. आज जाळ्यात सापडलेला डुगाँग सोडून देण्याची अपेक्षा मच्छीमाराकडून होते, आणि जाळे फाडून तो सोडणारे मच्छीमार येथे आहेतही. तळ्याच्या मालकाला मात्र कुरण कोठे आहे, हे कोणी विचारत नाही!

राज्यघटनेच्या २४३ झेडडी या अनुच्छेदाने जिल्हा नियोजन समितीवर स्थलनियोजनाचा आणि पाणी व नैसर्गिक संसाधनांच्या वाटपाचा विचार करण्याची जबाबदारी टाकली आहे. तंजावरच्या समितीने गवताची कुरणे, त्यांकडे उतरणारे कालवे व नाले आणि कोळंबीची तळी एकाच नकाशावर आणावीत, आणि नव्या तळ्याला परवाना देण्याआधी तो नकाशा उघडावा.