न दिसणारी माणसं

विनोदी मालिकेतलं सगळ्यात स्वस्त पात्र कोणतं? जे कधी दिसतच नाही ते! मेकअप नको, कपडेपट नको, तारखांची भानगड नको. आणि तरी हशा हमखास.

2008 मध्ये सुरू झालेल्या 'तारक मेहता का उल्टा चश्मा'मधली जेठालालची सासू घ्या. मुक्काम अहमदाबाद, फोनच्या पलीकडे. तिचा फोन आला की जेठालालचं तोंड पडतं आणि आपण हसतो. 'डॅड्स आर्मी' (1968-77) या इंग्रजी मालिकेतल्या कॅप्टन मेनवेअरिंगची बायकोही अशीच. एरवी साहेब भाषणं ठोकणार, पण घरून फोन आला की गपगार! तिचा चेहरा ज्याने त्याने आपापल्या मनात काढायचा, त्यातच गंमत. लेखकाची युक्ती भारी आहे, मान्य.

पण एक गोष्ट खटकते. जो दिसत नाही, त्याला उलट उत्तरही देता येत नाही. आणि वरच्या दोन्ही उदाहरणांत पडद्याआड कोण? एकीकडे सासू, दुसरीकडे बायको!

याउलट 'द बिग बँग थिअरी'मधली हॉवर्डची आई. चेहरा कधी धड दिसला नाही, पण आवाज घर डोक्यावर घेणारा. पोराला जेवू घालायची अन् तेवढंच सुनवायचीही. तिला आवाज देणाऱ्या कॅरोल ॲन सूसी 2014 मध्ये वारल्या. निर्मात्यांनी दुसरी बाई आणली नाही. मालिकेतली आईही गेली असं दाखवलं. न पाहिलेल्या बाईसाठी प्रेक्षक हळहळले. का? तिला स्वतःचा आवाज होता म्हणून.

हे इंजिनिअरिंगवाल्यांना कशाला सांगायचं? कारण आपल्या रिपोर्टमध्येही न दिसणारी पात्रं असतात. सिव्हिलची व्हिजिट गोसीखुर्दला जाते. वैनगंगेवरच्या धरणाचे 33 दरवाजे मोजून होतात, ग्रुप फोटो होतो. 1988 मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं, हे व्हायव्हासाठी पाठ होतं. आणि भंडारा-नागपूर जिल्ह्यांतली जी गावं बुडाली, तिथली माणसं? 'प्रकल्पग्रस्त' या एका शब्दात बसवली की पुढचं पान! पुनर्वसनाच्या गावठाणात जाऊन "काका, नळाला पाणी येते का?" असं विचारणारे किती?

मालिका बघताना निदान मनात तरी चेहरा काढला जातो. रिपोर्टमध्ये तेवढंही नाही. म्हणून पुढच्या व्हिजिटला एक तास जास्त ठेवा. गावठाणात उतरा, आणि तिथल्या लोकांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत रिपोर्टला जोडा. सर मार्क देवोत न देवोत!