तडा कवचाला, शिक्षा यंत्राला

पेणच्या गणेशमूर्ती कार्यशाळांत शाडूची मूर्ती वाळताना तिला बारीक तडा गेला, तर कारागीर ती टाकून देत नाही. त्याच मातीचा लेप तो तड्यात भरतो आणि मगच रंगकामाला घेतो. पदार्थ ओळखून डागडुजी करण्याचे हे शहाणपण सुताराच्या बॅटरीवरील ड्रिलच्या बाबतीत मात्र आपण विसरतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. उडालेले पत्रे पुन्हा बसवायचे असतात, तेव्हा वायरविना चालणाऱ्या हत्याराचे मोल कळते. असे हत्यार शिडीवरून पडते आणि मुठीजवळ त्याची प्लास्टिकची बॉडी तडकते. मोटर, गिअर, बॅटरी सारे ठणठणीत असते. तरीही ‘नवीनच घ्या’ हाच सल्ला मिळतो. अंगरखा फाटला म्हणून कोणी माणूस टाकून देतो काय?

प्रश्न साधनांचा नाही, माहितीचा आहे. दणकट हत्यारांचे कवच बहुधा काचतंतुमिश्रित नायलॉनचे असते, तर काहींचे एबीएसचे. पुष्कळदा आतल्या बाजूस पदार्थाची खूण उमटवलेली असते. ‘पीए ६-जीएफ ३०’ म्हणजे ३० टक्के काचतंतू असलेले नायलॉन. एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळते; त्याच्याच चुऱ्याचा लेप तडा सांधतो. नायलॉनवर ॲसिटोनची मात्रा चालत नाही. तेथे बॅटरी काढून, कवच उघडून आतले भाग बाजूला ठेवावेत. तड्याच्या टोकाशी बारीक छिद्र पाडून तो थोपवावा. आतून स्टीलची बारीक जाळी तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने रुजवावी आणि वर नायलॉनच वितळवून भरावे. काम मोकळ्या हवेत करावे. मात्र बॅटरीचाच डबा फुटला किंवा फुगला असेल, तर दुरुस्तीचा मोह कटाक्षाने टाळावा.

केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत विद्युत हत्यारांचाही समावेश आहे. टाकलेल्या वस्तूची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आली, हे योग्यच. परंतु वस्तू टाकावीच लागू नये, याची तजवीज त्याहून मोलाची. उत्पादकांनी नुसते कवच वाजवी दरात सुटे उपलब्ध करावे आणि पदार्थाची खूण ठळक छापावी. जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी प्लास्टिक सांधणे हे कौशल्य म्हणून शिकवावे. रोहे तालुक्यातील नागोठण्यात प्लास्टिकचा कच्चा माल तयार होतो. त्या भूमीत प्लास्टिक सांधण्याची विद्याही रुजावी, ही अपेक्षा वावगी नाही.

दुरुस्ती हे दारिद्र्याचे लक्षण नव्हे, ते जाणतेपणाचे लक्षण आहे. हातावर पोट असलेल्या कारागिराला त्याचे हत्यार परत मिळते, तेव्हा त्याची रोजीच परत मिळते. घरातले तडकलेले यंत्र भंगारात देण्यापूर्वी त्याच्या कवचाच्या आत एकदा डोकावून पाहण्याइतका विवेक आपण दाखवणार आहोत की नाही?