ठिपक्यांतला आकडा आणि हुकलेली नोकरी

लेखी परीक्षा पार, मुलाखतही पार. मग मेडिकलला रंगीत ठिपक्यांचा तक्ता समोर येतो, त्यात लपलेला आकडा काही दिसत नाही आणि फाइल बंद होते. जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेली ही चाचणी रंगांधत्वाचा दोष अचूक हेरते. समोरच्याला काम जमेल की नाही, हे मात्र ती सांगत नाही.

डोळ्याच्या पडद्यावर तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. एकट्या पेशीला रंग कळत नाही. तिघींच्या संदेशांची तुलना होते, तेव्हा मेंदूला रंग दिसतो. त्यांपैकी दोघींची जनुकं एक्स गुणसूत्रावर शेजारी-शेजारी असतात. पुरुषाकडे एक्स एकच, त्यामुळे बिघाड झाला तर राखीव प्रत नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे आठ टक्के, तर स्त्रियांत जेमतेम अर्धा टक्का हा दोष आढळतो. यातल्या बहुतेकांना जग कृष्णधवल दिसत नाही. लाल-हिरव्या छटांमधला फरक तेवढा पुसट होतो, तोही कुणाला कमी, कुणाला जास्त.

नियमांना ही कमी-जास्तीची भाषा फारशी कळत नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलनासाठी निवड झालेल्या एका उमेदवाराला याच कारणाने प्रवेश नाकारला गेला. उच्च न्यायालयात दाद मिळाली नाही; एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र संस्थेला असे दरवाजे बंद ठेवू नका, असं बजावलं. कट कुठे घ्यायचा हे संकलक अभिनय आणि लय पाहून ठरवतो, रंग जुळवायला कलरिस्ट असतोच. शिवाय ही संस्था प्रभात स्टुडिओच्या जागेत उभी आहे. तिथे ‘संत तुकाराम’ घडला, तेव्हा पडद्यावर रंग होते कुठे?

जून २०२० मध्ये केंद्राने सौम्य आणि मध्यम दोष असलेल्यांना वाहन परवान्याची वाट मोकळी केली, हे शहाणपणाचंच. चौकातला लाल दिवा वर असतो, हिरवा खाली. लोको पायलटची गोष्ट वेगळी: रात्री लांबवर दिसणाऱ्या एकट्या ठिपक्याचा रंग त्याला चटकन ओळखता यायलाच हवा. तिथे सूट नकोच.

बाकी पदांसाठी त्या-त्या कामाचीच चाचणी घ्यावी. आणि ठिपक्यांचा तक्ता आठवी-नववीच्या वर्गातच दाखवावा. काही मिनिटांचं काम आहे. भरतीच्या तयारीत उमेदीची वर्षं घातल्यावर हा दोष कळून काय उपयोग?